नोदामे आधी कानांनी वाचा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी भाची पुण्याहून मिरजेला राहायला आली. ती जपानी शिकते. जुलैत तिची एन-थ्रीची परीक्षा होती आणि अभ्यास म्हणून तिच्या टॅबवर दिवसभर 'नोदामे कांताबिले' ही जपानी चित्रकथा उघडी असायची. "मावशी, ही मुलगी बघ. नुसतं ऐकून वाजवते, समोरचा कागद बघतच नाही, म्हणून सगळे तिला ओरडतात," ती म्हणाली. मी तीस वर्षं गाणं आणि पेटी शिकवते. आमच्याकडे ऐकून शिकणं हीच रीत. गुरूच्या तोंडून आलेलं कानानं उचलायचं, वही नंतर. त्यात ओरडण्यासारखं काय आहे ते बघायला मी टॅब हातात घेतला.

पहिला खंड दुपारभरात वाचून झाला. बरा वाटला, इतकंच. पसाऱ्यात राहणारी मुलगी, शेजारच्या फ्लॅटमधला देखणा, तापट मुलगा, पानोपानी आरडाओरडा. रात्री जेवणं झाल्यावर भाचीनं फोनवर मोझार्टची दोन पियानोंची रचना लावली आणि म्हणाली, "आता तीच पानं परत वाच." वाचली. दुपारी मी ज्या चौकटींवरून झरझर पुढे गेले होते तिथे आता ती मुलगी पळत होती आणि तो तिला सावरून घेत होता, अगदी नवशिक्या गायकाला मुरलेला तबलजी सांभाळतो तसा. दुपारी मी निम्मीच गोष्ट वाचली होती.

तेव्हापासून मी ओळखीतल्या पाच-सहा जणांना 'नोदामे कांताबिले' वाचायला लावलं आहे आणि प्रत्येकाला वाचायची रीत तोंडी समजावली आहे. आता ती लिहूनच ठेवते.

आधी थोडी ओळख. ही तोमोको निनोमिया यांची मालिका. कोदान्शा या प्रकाशनाच्या 'किस' नावाच्या, मोठ्या वयाच्या स्त्री-वाचकांसाठीच्या नियतकालिकात ती २००१ ते २००९ चालली. मग ऑपेराचं, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाचं, एक जोडकथानक आलं आणि २०१० मध्ये सगळं संपलं. एकूण २५ खंड. २००४ मध्ये तिला कोदान्शा मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) पुरस्कार मिळाला. नायिकेचं नाव नोदा मेगुमी, आडनाव आधी. त्याचंच आखडून नोदामे. कांताबिले हा इटालियन शब्द स्वरलिपीवर लिहिलेला असतो. अर्थ, गात असल्यासारखं वाजव. आपण सतारियाला 'गायकी अंगानं वाजवतो' म्हणतो ना, त्याच्या अगदी जवळचा शब्द.

गोष्ट सांगून तुमची मजा घालवत नाही, फक्त दार उघडून देते. शिनइची चिआकी हा तोक्योतल्या एका संगीत महाविद्यालयात पियानोच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला व्हायचंय ऑर्केस्ट्राचा कंडक्टर आणि त्यासाठी युरोपला जायचंय. पण लहानपणी घडलेल्या प्रसंगांमुळे त्याला विमानाची आणि समुद्राची इतकी भीती बसली आहे की जपान सोडताच येत नाही. एका रात्री तो दारू पिऊन स्वतःच्या दाराबाहेरच झोपतो. जाग येते ती शेजारच्या घरात, कचऱ्याच्या ढिगात, आणि त्या ढिगात बसून एक मुलगी बेथोव्हेन वाजवत असते. ती नोदामे. तिला शिशुवर्गाची शिक्षिका व्हायचंय. बाकी कसलीही महत्त्वाकांक्षा नाही.

तयारी

बरे इयरफोन घ्या. फोनच्या स्पीकरवर खर्जातली वाद्यं ऐकूच येत नाहीत आणि मग ऑर्केस्ट्रा पोकळ वाटतो. इंग्रजी अनुवाद कागदावर १६ खंडांपर्यंत येऊन थांबला, पुढचं डिजिटलमध्ये मिळतं. तेव्हा जुने छापील खंड स्वस्तात दिसले म्हणून सगळी रक्कम त्यात घालू नका. पडद्यावरच्या आवृत्त्या कोणत्या ओटीटीवर आहेत हे सारखं बदलत राहतं, सुरू करायच्या आठवड्यातच शोधा.

पान उजवीकडून डावीकडे वाचायचं. पुस्तक आपल्या शेवटच्या बाजूनं उघडायचं आणि प्रत्येक पानावर वरच्या उजव्या चौकटीपासून निघायचं. चौकटीतले संवादाचे फुगेसुद्धा उजवीकडूनच. मला सवय व्हायला साधारण चाळीस पानं लागली. तोवर प्रश्नाआधी उत्तर वाचलं जातं आणि विनोद पडतो. तसं झालं की मागे जा, घाई करू नका.

'सेन्पाई' हा शब्द अनुवादात तसाच राहिलेला असेल तर त्याचं 'दादा' करून वाचू नका. नोदामे चिआकीला सेन्पाई म्हणते तेव्हा त्यात वरच्या वर्गातल्या मुलाबद्दलचा मान असतो, आणि तिच्या तोंडी हळूहळू त्यात बरंच काही मिसळत जातं. ती क्यूशू बेटावरच्या फुकुओका भागातली. माहेरच्या प्रसंगांत तिथली बोली येते. इंग्रजीत ती चव गेली आहे. टीव्ही मालिकेत मात्र नुसत्या हेलावरून कळतं की ही माणसं राजधानीतली नाहीत.

कान कसा लावायचा

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझं इथेच अडलं होतं, आणि आपल्या रागसंगीतावर कान घडलेल्या कुणाचंही इथेच अडेल.

आपण आलापाची वाट बघत बसतो. इथे तसं काही येत नाही. थोडी प्रस्तावना असली तर असते, आणि मुख्य सुरावट समोर येऊन उभी राहते. ती दोनदा ऐकून लक्षात ठेवा. पुढे ती वेगळ्या वाद्यावर, वेगळ्या स्वरातून, कधी तुकडे होऊन परत येत राहते, आणि दूर भटकून स्वतःच्या मूळ रूपात परतते तेव्हा समेवर आल्यासारखं वाटतं. मी तिला मुखडा समजून ऐकते. तज्ज्ञ कदाचित नाक मुरडतील, पण सुरुवातीला हे चालतं.

दुसरं, एका वेळी अनेक सुरावटी चालू असतात. सगळ्यांच्या मागे धावलात तर काहीच हाती लागणार नाही. पहिल्या ऐकण्यात वरचे व्हायोलिन, दुसऱ्यात सगळ्यात खालचे खर्जाचे सूर. खालचे सूर ऐकू यायला लागले की तानपुरा कुठे गेला हा प्रश्न सुटतो.

आणि कंडक्टर. मला वाटायचं तो ठेका धरतो. ठेका वादकांना येतच असतो. गती किती, कुठे दाबायचं, कोणी पुढे यायचं, कोणी मागे राहायचं हे तो ठरवतो, आणि बहुतेक काम तालमीत उरकलेलं असतं. चिआकी पहिल्यांदा ऑर्केस्ट्रासमोर उभा राहतो तेव्हा त्याचा तीक्ष्ण कान प्रत्येकाची प्रत्येक चूक पकडतो, तो क्षणाक्षणाला थांबवतो आणि सगळे थकून जातात. चुका दाखवणं आणि वाजवून घेणं यांतलं अंतर मला त्या पानांवर दिसलं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी एका मुलीला आख्खी बंदिश मध्ये न थांबवता गाऊ दिली.

आता ओरडण्याचं. पाश्चात्त्य पद्धतीत रचनाकारानं कागदावर लिहिलेलं प्रत्येक चिन्ह म्हणजे त्याचा शब्द. उपज करायला जागा आहे, पण ती त्या चिन्हांच्या आत, वजनात, श्वासात. नोदामे एकदा ऐकते आणि बोटांतून काढते. त्यात तिचं सौंदर्य आहे आणि बाहेरचे चार सूरही आहेत. चिआकीचं म्हणणं, आधी त्या माणसानं काय लिहिलंय ते ऐक. मी आधी पूर्णपणे नोदामेच्या बाजूची होते. पाचेक खंडांनंतर मला त्याचं पटायला लागलं. आपणही गुरूनं दिलेली बंदिश वाकवत नाही, आधी ती जशी आहे तशी गळ्यात बसवतो. दोघं एकाच गोष्टीबद्दल भांडताहेत हे लक्षात ठेवून वाचा. त्यांचं प्रेमही याच भांडणातून उभं राहतं.

बैठका

निनोमिया मैफलीच्या पानांवर वाद्यांचे आवाज फारसे लिहीत नाहीत. हात, चेहरे, श्रोत्यांचे डोळे, बस. ती जागा तुम्ही भरायची आहे. माझी पद्धत अशी: आधी रचना एकदा ऐकायची, डोळे मिटून. मग ती परत सुरुवातीपासून लावायची आणि पानं उघडायची. संगीताच्या गतीनं पान उलटणं जमणार नाही, त्याची काळजी नको.

पहिल्या बैठकीला बेथोव्हेनच्या 'पॅथेटिक' सोनाटाचा दुसरा भाग. सोनाटा म्हणजे एखाद-दुसऱ्या वाद्यासाठीची, काही भागांत बांधलेली रचना. चिआकी कचऱ्यात जागा होतो तेव्हा हेच चालू असतं. या भागाच्या डोक्यावर बेथोव्हेननं 'अदाजियो कांताबिले' लिहिलंय, म्हणजे मालिकेचं नाव तिथूनच ऐकू येतं. त्याला जोडून मोझार्टची दोन पियानोंची डी मेजर सोनाटा, के. ४४८ (हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). मोझार्टनं ती १७८१ मध्ये व्हिएन्नात स्वतःच्या एका शिष्येबरोबर वाजवण्यासाठी लिहिली. गुरू आणि शिष्या शेजारी-शेजारी, दोघांना बरोबरीचं काम. शिकवणाऱ्या माणसानं हे कळल्यावर ती रचना परत ऐकून बघावी. चिआकी आणि नोदामेला त्यांचे सर हीच रचना एकत्र बसवायला देतात.

दुसरी बैठक, बेथोव्हेनची सातवी सिम्फनी, म्हणजे आख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, तिचा पहिला भाग. १८१३ मध्ये व्हिएन्नात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा वाजली. सुरुवात संथ आहे, धीर धरा. मग एक उड्या मारणारा ठेका सुरू होतो. माझ्या कानाला तो धावत्या दादऱ्याच्या जवळचा वाटला. तो ठेका बेथोव्हेन शेवटपर्यंत सोडत नाही. महाविद्यालयातली वाया गेलेली म्हणून ओळखली जाणारी मुलं याच रचनेवर एकत्र येतात.

तिसऱ्या बैठकीसाठी मात्र रविवारची आख्खी दुपार ठेवा. महाविद्यालयाच्या उत्सवाचे प्रसंग आहेत. एकीकडे ती उनाड मुलं गर्श्विनची १९२४ ची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' वाजवतात आणि नोदामे मुंगसाचा पोशाख घालून तोंडानं फुंकायची छोटी पेटी वाजवते. दुसरीकडे चिआकी रॅखमॅनिनॉव्हचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे एकटा पियानो पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, वाजवतो. त्याची सुरुवात ऐका. पियानो एकटाच, घंटा दुरून जवळ येत जाव्यात तसे भरदार स्वर, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. रॅखमॅनिनॉव्हची पहिली सिम्फनी १८९७ मध्ये सपशेल पडली आणि पुढची काही वर्षं त्याच्याकडून मोठं असं काही लिहून झालं नाही. निकोलाय डाल नावाच्या डॉक्टरनं संमोहनाचा वापर करून त्याच्यावर उपचार केले आणि १९०१ मध्ये पुरा झालेला हा कॉन्चेर्तो त्यानं त्या डॉक्टरलाच अर्पण केला. ही माहिती डोक्यात ठेवा आणि पुढे चिआकीच्या विमानाच्या भीतीचं काय होतं ते वाचा. मला तो धागा दुसऱ्या वाचनात सापडला, आणि रात्री अकरा वाजता मी भाचीला फोन केला.

चिआकीचं वाजवणं ऐकून नोदामेच्या आत काहीतरी पेटतं. ती उठते आणि पियानोकडे धावते. त्यानंतरची पानं मी इथे सांगणार नाही. कॉन्चेर्तो परत सुरुवातीपासून लावा आणि वाचा.

पुढच्या बैठकी थोडक्यात. चिआकीच्या नव्या ऑर्केस्ट्राच्या पहिल्या मैफलीला ब्राम्सची पहिली सिम्फनी. बेथोव्हेनच्या नंतर सिम्फनी लिहायची या धास्तीनं ब्राम्सनं ती वीसेक वर्षं उराशी धरली आणि १८७६ मध्ये बाहेर काढली. सुरुवातीलाच टिंपनीचे, म्हणजे त्या मोठ्या नगाऱ्यांचे, एकसारखे ठोके येतात. ते मासुमीचे, म्हणजे गोष्टीतल्या टिंपनी वाजवणाऱ्या मुलाचे, आहेत असं मनात धरून ऐका. नोदामेच्या पियानो स्पर्धेच्या खंडात स्त्राविन्स्कीचा 'पेत्रुश्का'. इथला एक विनोद आपल्याला कळणारच नाही, म्हणून सांगते. तापात फणफणलेली नोदामे वाजवता-वाजवता एका दुसऱ्याच धुनेत घुसते. ती धून जपानच्या एनएचके वाहिनीवर १९५७ पासून चालू असलेल्या पाककृतींच्या कार्यक्रमाची आहे आणि तिथल्या घराघरात पाठ आहे. ती शोधून आधी ऐका, मग पान उघडा.

पडद्यावर काय, कधी

साधारण नऊ खंडांपर्यंत जपानमधली गोष्ट चालते, मग पॅरिस. नववा खंड संपला की थांबा आणि फुजी टीव्हीची मालिका बघा. ११ एपिसोड, ऑक्टोबर ते डिसेंबर २००६, सोमवारी रात्री नऊची मानाची वेळ. दिग्दर्शक हिदेकी ताकेउची. जुरी उएनो नोदामे आहे, हिरोशी तामाकी चिआकी. पहिले दोन एपिसोड बिचकायला होतं, कारण मांगातली अतिशयोक्ती जशीच्या तशी आणली आहे. हवेत बदाम उडतात, माणसाच्या जागी बाहुली भिरकावली जाते. नेट लावा. तिसऱ्यानंतर ती त्या जगाची भाषाच वाटायला लागते.

बघताना उएनोच्या ओठांकडे लक्ष ठेवा. नोदामे खरोखर संगीतात शिरली की तिचे ओठ चोचीसारखे पुढे येतात. चिआकीलाही ती खूण माहीत आहे. आणि सातवी सिम्फनी आता माणसांच्या अंगात बघायला मिळते, गज एकदम वर जाताना, मुलं एकमेकांकडे बघून हसताना. शेवटची मैफल नाताळची आहे आणि शेवटचा एपिसोडही २५ डिसेंबरला दाखवला गेला होता. मीही तो नाताळच्या रात्रीच बघितला.

जे. सी. स्टाफ या स्टुडिओनं केलेली अ‍ॅनिमे, म्हणजे चित्रांची हलती मालिका, २००७ मध्ये सुरू झाली. पहिलं पर्व २३ एपिसोड, मग २००८ मध्ये पॅरिस आणि २०१० मध्ये शेवट, प्रत्येकी ११. माझा सल्ला असा की पहिलं पर्व आवडीनुसार बघा, पण पॅरिसपासूनचं चुकवू नका. मैफलींत चित्र फार हलत नाही. काहींना ते खटकतं. मला ते सोयीचं वाटलं, ऐकायला मोकळीक मिळते. शिवाय पॅरिसमध्ये नोदामेची जी दमछाक होते, रोजचा रियाज, मागे पडल्याची जाणीव, चिआकी पुढे निघून जाताना बघणं, त्याला अ‍ॅनिमेनं पुरेसा वेळ दिला आहे. टीव्ही मालिकेची युरोपातली गोष्ट जानेवारी २००८ च्या दोन रात्रींच्या विशेष भागांत आणि दोन चित्रपटांत उरकली आहे, त्यामुळे तिथे बरंच गाळलं गेलं. तरी चित्रपट बघाच, डिसेंबर २००९ चा आणि एप्रिल २०१० चा, पण सगळे खंड वाचून झाल्यावर. त्यांत नोदामेच्या बोटांमागे लांग लांग या चिनी पियानोवादकाचं वाजवणं आहे. लंडनमधला शोपँचा पहिला कॉन्चेर्तो येईल तेव्हा घरात कुणाशी बोलू नका. त्या वाजवण्यानंतर तिचं जे होतं ते मी माझ्या एका गुणी विद्यार्थिनीत प्रत्यक्ष पाहिलंय. मोठी मैफल रंगली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं तानपुऱ्याला हात लावला नाही. तेव्हा मला तिच्याशी कसं बोलावं ते सुचलं नव्हतं.

२०१४ ची कोरियन आवृत्तीही आहे, १६ एपिसोडची. मी चार बघून सोडली. तिच्यात मला नोदामे भेटली नाही.

मुलांबरोबर बघणार असाल तर काही गोष्टी आधी माहीत असू द्या. चिआकी नोदामेला विनोदात मारतो, ढकलतो. बुजुर्ग कंडक्टर श्ट्रेझेमान मुलींच्या मागे लागतो आणि ते हसण्यावारी नेलंय. मासुमीचं चिआकीवरचं प्रेमही बरेचदा थट्टेचा विषय होतं, जरी तो माणूस म्हणून मला फार आवडतो. मला हे खुपतं, आणि मारण्याचं सर्वांत जास्त. कारण याच गोष्टीत पुढे कळतं की लहानपणी एका शिक्षकानं हात उचलला म्हणून नोदामेच्या मनात कडक शिकवणीची भीती बसली आहे. ते पान वाचल्यावर मागच्या विनोदांवर मला हसू आलं नाही. माझ्या क्लासमधल्या मोठ्या मुलींबरोबर आम्ही यावर तासभर बोललो.

प्रत्यक्ष ऐकायची इच्छा झाली तर मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम बघून ठेवा. तो २००६ मध्ये स्थापन झाला, म्हणजे टीव्ही मालिका आली त्याच वर्षी. इयरफोनमधले खर्जाचे सूर सभागृहात खुर्चीतून अंगात येतात.

शेवटचे दोन खंड ऑपेराचे आहेत, मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'भोवती. मुख्य गोष्ट २३ व्या खंडाला संपते. शेवटाकडे दोन पियानोंची ती पहिली रचना परत येते, तेव्हा के. ४४८ हाताशी ठेवा. मग निदान महिनाभर थांबून ऑपेराकडे वळा. मी सध्या चोविसाव्या खंडात आहे. त्या ऑपेरातल्या 'रात्रीची राणी' या पात्राची उंच तान मी रोज एकदा लावते, आणि क्लासला लवकर आलेल्या मुली दाराशी चपला हातात धरून ती संपेपर्यंत उभ्या राहतात.